यानाका–नेझू–सेंदागी: टोकियोची जुनी वस्ती एका दिवसात पायी कशी पाहावी

निप्पोरी स्टेशनावर उतरायचं, पायऱ्या उतरून यानाका गिन्झाच्या बाजारात शिरायचं, काहीतरी तळलेलं खायचं, मांजरीच्या चित्राची पिशवी घ्यायची आणि तासाभरात परतायचं. टोकियोला येणारे बरेच जण यानाका असंच पाहतात. पण तो बाजार जेमतेम १७० मीटर लांब आहे आणि त्यात साठेक दुकानं आहेत. वस्तीची खरी गंमत त्याच्या मागच्या बोळांत, उतारांवर आणि देवळांच्या भिंतींलगत आहे. त्यामुळे या लेखातला रस्ता उलटा आहे. नेझूपासून सुरुवात करायची, जुन्या ओढ्याच्या वळणांनी पुढे जायचं, टेकडी चढायची आणि बाजार शेवटी, संध्याकाळच्या उन्हात पाहायचा. एकूण चाल चार-पाच किलोमीटरची, पण दिवस पूर्ण ठेवा.

यानाका, नेझू आणि सेंदागी या तीन शेजारच्या मोहल्ल्यांना मिळून ‘यानेसेन’ म्हणतात. १९८४ मध्ये इथल्या काही स्त्रियांनी आपल्या भागाबद्दल एक छोटं नियतकालिक सुरू केलं, तेव्हापासून हे नाव रुळलं. यानाका ताइतो प्रभागात येतं, नेझू आणि सेंदागी बुंक्यो प्रभागात. १६५७ च्या मोठ्या आगीनंतर एदो (टोकियोचं जुनं नाव) शहरातली अनेक देवळं यानाकाच्या टेकडीवर हलवली गेली. आजही इथे सत्तरहून अधिक बौद्ध देवळं आहेत. १९२३ चा भूकंप आणि १९४५ चे हवाई हल्ले यांतून या भागाचा बराचसा हिस्सा वाचला. टोकियोत इतरत्र न दिसणारे दोन मजली लाकडी घरांचे अरुंद बोळ म्हणून इथे टिकले.

वार ठरवणं हे पहिलं काम

इथला दिवस बिघडतो तो बहुतेक वेळा चुकीच्या वारामुळे. सोमवारी निम्मी वस्ती झोपलेली असते. आसाकुरा शिल्प संग्रहालय सोमवारी आणि गुरुवारी बंद असतं. स्काय द बाथहाउस ही कलादालनाची जागा रविवार, सोमवार आणि सुट्टीच्या दिवशी बंद असते. बाजारातली काही दुकानं बुधवारी सुट्टी घेतात. मंगळवार मोकळा वाटतो, पण त्यात एक खाच आहे. सोमवारी राष्ट्रीय सुट्टी असेल तर सरकारी संग्रहालयं सोमवारी उघडी राहून मंगळवारी बंद राहतात. शनिवारी सगळं उघडं असतं, पण दुपारी बाजारात पाऊल ठेवायला जागा नसते आणि कॅफेसमोर रांगा लागतात. हे सगळं पाहता शुक्रवार सर्वांत बरा.

छोटी दुकानं मालकाच्या सोयीने उघडतात. नकाशाच्या अॅपवर दिसणाऱ्या वेळेवर विसंबू नका. जिथे जायचंच आहे अशा दोन-तीन जागांचं इन्स्टाग्राम किंवा संकेतस्थळ त्याच दिवशी सकाळी पाहून घ्या. अचानक घेतलेली सुट्टी तिथेच कळते. दारात नोरेन, म्हणजे कापडी पडदा, लटकलेला असेल तर दुकान चालू समजा. आत दिवा असूनही पडदा नसेल तर अजून तयारी चालली आहे. पाटीवर ‘एइग्योचू’ म्हणजे चालू, ‘जुन्बिचू’ म्हणजे तयारी सुरू, आणि ‘तेइक्यूबी’ म्हणजे साप्ताहिक सुट्टी. हे तीन शब्द जपानी अक्षरांत आदल्या रात्री फोनमध्ये साठवून ठेवा.

ऋतूचंही पाहा. मार्चअखेर आणि एप्रिलच्या सुरुवातीला यानाकाच्या स्मशानभूमीतल्या रस्त्यावर चेरी फुलते. एप्रिलमध्ये नेझूच्या देवळाच्या टेकाडावर अझेलियाची तीनेक हजार झुडपं बहरतात आणि तिथे उत्सव भरतो. त्या आठवड्यांत देवळाजवळ गर्दी गृहीत धरा. जून आणि अर्धा जुलै पावसाचा, ऑगस्ट घामाघूम करणारा. निवांत चालायला ऑक्टोबरअखेर ते डिसेंबरचा पूर्वार्ध उत्तम.

सोबत काय घ्यावं

सुटी नाणी आणि हजार येनच्या नोटा. अनेक दुकानं फक्त रोख घेतात. ताइयाकी (माशाच्या आकाराचा गोड पदार्थ) किंवा सेन्बेईच्या (तांदळाच्या कुरकुरीत चकत्या) दुकानात दहा हजारांची नोट पुढे केली तर दुकानदाराची अडचण होते. माणशी चार-पाच हजार येन रोख पुरेत. परदेशी कार्डावर पैसे हवे असतील तर सेव्हन-इलेव्हन दुकानांतल्या किंवा टपाल कार्यालयांतल्या एटीएमवर मिळतात. बोळात शिरण्याआधीच ते काढून घ्या. दुकानात पैसे हातात न देता गल्ल्याजवळच्या छोट्या तबकात ठेवायचे, सुटे परतही त्यातूनच मिळतात.

पायांत चटकन काढता-घालता येणारे बूट आणि स्वच्छ मोजे. आसाकुरा संग्रहालयात बूट काढावे लागतात आणि मोजे सक्तीचे आहेत. उन्हाळ्यात सँडल घालून गेलेल्यांची इथे पंचाईत होते, तेव्हा पिशवीत मोज्यांचा एक जोड टाकाच. शिवाय कचऱ्यासाठी एक प्लास्टिकची पिशवी ठेवा. रस्त्यावर कचरापेट्या जवळजवळ नाहीतच.

सामान असेल तर आधी निप्पोरीला जा. नारिता विमानतळावरून केइसेई स्कायलायनर तिथे साधारण चाळीस मिनिटांत पोचते. स्टेशनावरच्या लॉकरमध्ये बॅगा ठेवा, यामानोते लाइनने एकच स्टेशन पुढे निशी-निप्पोरीला जा आणि तिथून चियोदा लाइनच्या मेट्रोने सेंदागीनंतरचं स्टेशन म्हणजे नेझू. दिवसाचा शेवट निप्पोरीलाच होणार असल्याने सामान घ्यायला वाट वाकडी करावी लागत नाही. टोकियोतल्या निशीकासाईला राहणाऱ्या मराठी मंडळींना सोपं आहे. तोझाई लाइनने ओतेमाची आणि तिथे चियोदा लाइन पकडली की तिसरं स्टेशन नेझू.

नेझू: सकाळी नऊ

नेझू स्टेशनाच्या १ क्रमांकाच्या दारातून बाहेर पडा. पाच मिनिटांत नेझूचं शिंतो देऊळ येतं. सध्याची वास्तू १७०६ ची, शोगुन (लष्करी सत्ताधीश) त्सुनायोशीच्या काळातली. गाभारा, दर्शनमंडप, दरवाजा आणि भोवतीची जाळीदार भिंत असं सगळं मिळून जुनं बांधकाम टोकियोत एकत्र टिकलेलं क्वचित दिसतं, त्यामुळे इथे घाई करू नका. डाव्या बाजूच्या टेकाडावर ओतोमे इनारीच्या छोट्या देवळाकडे जाणारी शेंदरी तोरणांची रांग आहे. तोरणं बुटकी आहेत, उंच माणसाने वाकूनच चालावं. वाट एकेरी असल्याने फोटोसाठी मध्येच थांबलात की मागचे सगळे खोळंबतात. साडेनऊच्या आत गेलात तर बहुधा आसपासचे सकाळी फिरायला आलेले आजी-आजोबाच भेटतील. देवळाच्या आवारातलं स्वच्छतागृह वापरून घ्या, पुढचं सार्वजनिक स्वच्छतागृह बरंच लांब आहे.

इथून शिनोबाझू-दोरी हा मोठा रस्ता ओलांडून पूर्वेला या. नेझूच्या ताइयाकीचं प्रसिद्ध दुकान याच रस्त्यावर आहे. माशाच्या आकाराच्या या पोळ्यात लाल घेवड्याचं गोड पुरण असतं, मासा नसतो. मात्र पीठ भिजवताना बऱ्याचदा अंडं घालतात. माल संपला की दुकान बंद होतं, म्हणून ते दुपारवर ढकलू नका. ताइयाकी गरम असतानाच कुरकुरीत असते. कागदात गुंडाळून तासभर ठेवली की ओलसर आणि चिवट होते.

ओढ्याच्या वळणांवरून

मोठ्या रस्त्याच्या मागे समांतर जाणारा एक नागमोडी बोळ आहे. त्याचं नावच हेबीमिची, म्हणजे सापाचा रस्ता. आइझोमे नावाचा ओढा पूर्वी इथून वाहत असे. तो झाकून वर रस्ता केला, पण वळणं तशीच राहिली. आजही हाच बोळ दोन प्रभागांची हद्द आहे. उत्तरेला जाताना डाव्या हाताच्या घराचा पत्ता बुंक्योचा, उजव्या हाताच्या घराचा ताइतोचा. एवढं कळलं की या वस्तीत हरवायची भीती उरत नाही. ओढ्याची ही रेघ दरीच्या तळातून जाते, तिच्या पूर्वेला यानाकाची टेकडी आणि पश्चिमेला होंगोचं पठार. पाय चढू लागले की तुम्ही ओढ्यापासून दूर चालला आहात.

इथली दुकानं दोन-तीन माणसांत भरून जातात. पाठीवरची पिशवी पोटाशी घ्या, नाहीतर वळताना मागच्या फळीवरची मातीची भांडी पडतील. आत शिरताना ‘कोन्निचिवा’ म्हणा. वस्तूचा फोटो हवा असेल तर आधी ‘शाशिन, इइ देसु का?’ असं विचारा. नकार मिळाला तर मान तुकवून फोन खिशात घाला. यातली बरीच दुकानं स्वतःच्या हाताने वस्तू घडवणाऱ्यांची आहेत आणि नक्कल होण्याची त्यांची भीती खरी आहे. बहुतेक दुकानं अकराला उघडतात, तेव्हा साडेदहाच्या आधी इथे पोचू नका.

हेबीमिची जिथे सान्साकीझाका या चढाला मिळते, तिथेच जवळ इसेतात्सु आहे. १८६४ पासून चाललेलं हे चियोगामी कागदाचं दुकान. चियोगामी म्हणजे लाकडी ठशांनी एकेक रंग वेगळा छापून केलेला नक्षीचा कागद. एका नक्षीला जितके रंग, तितके ठसे आणि तितक्याच वेळा छपाई, म्हणून मोठा ताव महाग असतो. नुसती आठवण न्यायची असेल तर छोटी वही, पाकिटं किंवा डबी घ्या. ताव घेणार असाल तर घडी घालून देऊ नका असं सांगा. त्यासाठी पुठ्ठ्याची नळी किंवा कडक फोल्डर घरूनच आणलेला बरा. घडीची रेघ पुन्हा जात नाही.

सान्साकीझाकाचा चढ

चढ लांब आहे पण अंगावर येणारा नाही. गुडघे दुखणारे सोबत असतील तर ताइतो प्रभागाची ‘मेगुरिन’ ही छोटी बस या भागात फिरते, भाडं १०० येन. चढावर झेनशोआन हे देऊळ लागतं. यामाओका तेश्शू या तलवारबाजाने ते १८८३ मध्ये स्थापन केलं. रंगून गोष्टी सांगणाऱ्या राकुगो कलेतले नामवंत सान्युतेइ एन्चो (१८३९–१९००) यांची समाधी इथेच आहे. त्यांनी जमवलेली भुतांची चित्रं ऑगस्टमध्ये पाहायला ठेवतात. उकाड्यात यानाकाला यायचंच असेल तर त्याला हे एक सबळ कारण आहे.

चढाच्या वरच्या टोकाला डावीकडच्या बोळात कान्नोनजी देवळाची भिंत पाहायला पाच मिनिटं काढा. माती आणि कौलं यांचे थर एकावर एक रचून केलेली ही जुनी भिंत सुमारे ३८ मीटर लांब आहे. तिला टेकू नका, हात फिरवू नका. मातीचा पापुद्रा सुटतो.

मग परत फिरून दक्षिणेला चला. वाटेत दोन बोळांच्या बेचक्यात एक प्रचंड हिमालयीन देवदार उभा आहे. कधीकाळी तो दुकानासमोरच्या कुंडीतलं रोपटं होता. आता त्याच्या फांद्या खालच्या छोट्या दुकानावर छत्रीसारख्या पसरल्या आहेत.

जेवण, आणि शाकाहारी लोकांसाठी नीट सांगायची गोष्ट

कायाबा कॉफी हा कोपरा दुरूनच ओळखू येतो. लाकडी घर १९१६ चं, कॉफीचं दुकान १९३८ पासूनचं. २००६ मध्ये ते बंद पडलं, वस्तीतल्या लोकांनी आणि जुन्या वास्तूंसाठी झटणाऱ्यांनी हात दिला आणि २००९ मध्ये पुन्हा उघडलं. अंड्याचं सँडविच आणि ‘रुशियान’, म्हणजे कॉफी आणि कोको निम्मे-निम्मे, ही इथली ओळख. वरच्या मजल्यावर तातामीवर, म्हणजे गवती चटईवर, बसायची सोय आहे. बारा ते दोन रांग असते, साडेअकराला पोचलात तर बहुधा लगेच जागा मिळते. अशा छोट्या कॅफेंमध्ये माणशी किमान एक पदार्थ मागवावा असा रिवाज आहे. चौघांत एक कॉफी मागवून तासभर बसू नका, सहा-आठ टेबलांवर त्यांचा संसार चालतो.

आता शाकाहाराबद्दल. जपानमध्ये ‘भाजीचं’ असं सांगितलेल्या पदार्थातही मासा असू शकतो, कारण दाशी हा रस्सा बहुतेक वेळा वाळवलेल्या कात्सुओ माशाचा असतो. उदोन आणि सोबा या शेवया, मिसो सूप या सगळ्यांत तो येतो. म्हणून ‘शाकाहारी’ एवढं सांगून भागत नाही. ‘निकु मो साकाना मो ताबेमासेन, दाशि मो दामे देसु’ असं म्हणा: मांस, मासा खात नाही, दाशीही चालत नाही. यानाका गिन्झातली गाजलेली मेन्ची-कात्सु ही खिम्याची वडी आहे. तिच्याच शेजारी बटाट्याचे कोरोक्के दिसतात आणि अनेक जण तिथे फसतात. खाटकाच्या दुकानातल्या कोरोक्केत बहुधा थोडा खिमा असतो आणि तळणही प्राण्याच्या चरबीत असू शकतं. निर्धास्त खाण्यासारखं म्हणजे फळांच्या रसाची काकीगोरी (किसलेला बर्फ), माच्चा, म्हणजे हिरव्या चहाचं, आइस्क्रीम आणि पुरणाचे मोची (तांदळाचे मऊ गोळे). सेन्बेई तांदळाची असली तरी वरच्या सोया सॉसमध्ये कधी माशाचा अर्क असतो, विचारून घ्या.

बारा ते चार: टेकडीवर

कायाबाच्या समोरच जुन्या योशिदाया दारूविक्रेत्याचं १९१० चं दुकान आहे. मोडून, हलवून ते इथे पुन्हा उभं केलं. प्रवेश मोफत आहे. मोजमापाची लाकडी मापं, पिंपं, हिशेबाची मेजं जागच्या जागी आहेत. पंधरा मिनिटं पुरतात. दोन मिनिटांवर स्काय द बाथहाउस. १७८७ पासून चालत आलेल्या काशिवायु या सार्वजनिक न्हाणीघराची ही इमारत १९९३ मध्ये समकालीन कलेचं दालन झाली. उंच छत, धुराडं आणि दाराजवळचे बूट ठेवायचे लाकडी खण अजून आहेत. प्रवेश मोफत, पण दोन प्रदर्शनांच्या मधल्या काळात ते बंद असतं, हे आधी पाहून ठेवा. जवळच उएनो साकुरागी आतारी, १९३८ ची तीन घरं आणि त्यांच्यामधलं अंगण, २०१५ मध्ये सर्वांसाठी खुलं झालं. एका घरात बिअर हॉल आहे, एका घरात मीठ आणि ऑलिव्ह तेलाचं दुकान. भोवती लोक राहतात, तेव्हा अंगणात आवाज खाली ठेवा.

इथून उत्तरेला यानाका स्मशानभूमीचा सरळ रस्ता लागतो. दोन्ही बाजूंना चेरीची झाडं आहेत. वाटेत तेन्नोजीच्या पाच मजली पॅगोडाचा नुसता चौथरा दिसेल, १९५७ मध्ये तो जाळला गेला. शेवटचा शोगुन तोकुगावा योशिनोबु (१८३७–१९१३) याची समाधी कुंपणाबाहेरून पाहता येते, पाट्या वाट दाखवतात. इथे खाऊ नका, आणि कोणी पूजेला आलं असेल तर कॅमेरा बंद. सार्वजनिक स्वच्छतागृह इथे आहे.

उत्तर टोकाला तेन्नोजी, आणि तिथून पश्चिमेला काही मिनिटांवर आसाकुरा शिल्प संग्रहालय. दिवसभरात एकाच ठिकाणी तिकीट काढणार असाल तर इथे काढा, ५०० येन. आत जायची शेवटची वेळ चार, साडेचारला बंद. तीनपर्यंत पोचलात तर मनासारखं पाहून होतं. शिल्पकार आसाकुरा फुमिओ (१८८३–१९६४) यांनी १९३५ मध्ये पूर्ण केलेलं हे घर आणि कार्यशाळा. रस्त्याकडचा भाग काळ्या रंगाचा काँक्रीटचा, मागचा भाग लाकडी, आणि मध्ये घराने चारही बाजूंनी कवेत घेतलेलं पाण्याचं अंगण. कार्यशाळेतला ‘हाकामोरी’ हा म्हातारा नीट पाहा. तो तेन्नोजीच्या स्मशानाचा राखणदार, म्हणजे तुम्ही आत्ताच चालून आलात त्याच जागेचा. १९१० चं हे शिल्प आहे. मांजरींची शिल्पं एका वेगळ्या खोलीत आहेत. गच्चीवर बाग आहे, पण पावसात ती बंद ठेवतात. फोटोंचे नियम तिकीट काढतानाच विचारून घ्या.

शेवटी बाजार

संग्रहालयातून पाच मिनिटांत यूयाके दानदान, मावळतीच्या पायऱ्या. पायऱ्या ३६, तोंड पश्चिमेला. सूर्यास्त डिसेंबरच्या सुरुवातीला साडेचारच्या सुमारास होतो, जूनअखेर सातला. हिवाळ्यात म्हणूनच सगळं जुळतं: चारला संग्रहालयाबाहेर, सव्वाचारला पायऱ्यांवर, आणि पाचला दिवे लागलेल्या बाजारात. उन्हाळ्यात क्रम बदला. आधी पाचपर्यंत बाजार करा, कारण बरीच दुकानं सहा-साडेसहाला आवरतात, आणि मग मावळतीला पायऱ्या चढून वर या. बाबागाडी किंवा चाकाची बॅग असेल तर पायऱ्यांशेजारच्या शिचिमेनझाका उताराने खाली जा.

बाजारात वर पाहत चला. छपरांवर, फलकांवर लाकडात कोरलेल्या सात मांजरी लपलेल्या आहेत. मुलं सोबत असतील तर त्या शोधायचं काम त्यांच्यावर सोपवा. खऱ्या मांजरी बाजाराच्या गर्दीत क्वचितच दिसतात. खायला घेतलेलं दुकानासमोर उभं राहून संपवा आणि कागद, काडी त्याच दुकानात परत द्या, ते आनंदाने घेतात. जवळच्या हिमित्सुदो या दुकानात निक्कोच्या नैसर्गिक बर्फाची काकीगोरी हाताच्या चाकाने किसून देतात. वर्षभर मिळते, सोमवारी सुट्टी, किंमत हजार येनहून अधिक. उन्हाळ्यात तासाहून जास्त थांबावं लागू शकतं. थंडीत आलात तर तोच बर्फ जवळजवळ रांगेशिवाय मिळतो, आणि हवा थंड असल्याने वाडग्यात तो हळू वितळतो.

रात्री इथेच राहायचं असेल तर दोन जागा लक्षात ठेवा. हेबीमिचीजवळची सावानोया ही घरगुती सराय १९८२ पासून परदेशी पाहुणे घेते आहे. हागिसो हे १९५५ चं लाकडी भाड्याचं घर २०१३ मध्ये कॅफे आणि दालन झालं. त्यांच्या ‘हानारे’ या निवासाची नोंदणी तिथेच होते, झोपायची खोली बोळात दुसरीकडे असते आणि अंघोळीला वस्तीतल्या सार्वजनिक न्हाणीघरात जायचं. राहणार नसाल तर पायऱ्या चढून गोतेनझाकाच्या रस्त्याने निप्पोरी स्टेशन पाच-सात मिनिटांवर आहे. परतताना यामानोतेची हिरवी गाडी धरा. निळी केइहिन-तोहोकू दिवसा जलद असते तेव्हा निप्पोरीला थांबत नाही, आणि तिची वाट पाहत फलाटावर उगाच वेळ जातो.